२.४ गिगाहर्ट्झचा विल्किन्सन डिव्हायडर: आखणी, जोडणी आणि तपासणी

विल्किन्सन डिव्हायडर म्हणजे एका इनपुटमधला रेडिओ सिग्नल दोन आउटपुटमध्ये समान वाटणारं सर्किट. सिग्नलचे दोन समान भाग करणं सोपं आहे. दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या ठेवल्या की वाटणी आपोआप निम्मी-निम्मी होते. एका आउटपुटची झळ दुसऱ्याला लागू न देणं, म्हणजेच आयसोलेशन, हे खरं काम.

५० ओहमच्या लाइनला नुसते दोन फाटे फोडले, तर सांध्यावर २५ ओहम दिसतात आणि रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किती कमी आहे, तो आकडा; जितका मोठा तितका चांगला) जेमतेम ९.५ डीबी मिळतो. १६.७ ओहमचे तीन रेझिस्टर चांदणीसारखे जोडले तर मॅचिंग जमतं, म्हणजे सिग्नल परत फिरत नाही, पण निम्मी पॉवर उष्णतेत जाते आणि आयसोलेशन फक्त ६ डीबी राहतं. अभियंता अर्नेस्ट विल्किन्सनने १९६० मध्ये मांडलेल्या रचनेत ७०.७ ओहमचे, पाव तरंगलांबीचे दोन हात (इनपुटपासून आउटपुटपर्यंतच्या पट्ट्या) आणि आउटपुटच्या टोकांमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर असतो. एका आउटपुटमधून शिरलेला सिग्नल दुसऱ्याकडे दोन वाटांनी पोहोचतो: थेट रेझिस्टरमधून, आणि दोन्ही हात फिरून १८० अंश मागे पडून. तिथे दोघे एकमेकांना मारतात.

१.६ मिमी जाडीच्या एफआर-४ (फायबरग्लासच्या नेहमीच्या सर्किट) बोर्डवर (डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४) ५० ओहमची पट्टी सुमारे ३.०६ मिमी रुंद येते, ७०.७ ओहमची १.६ मिमी आणि पाव तरंगलांबी १७.५ मिमी. खालची बाजू अखंड ग्राउंड ठेवा. हात समांतर आणि जवळजवळ नेऊ नका, त्यांच्यात कपलिंग होतं, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्यात झिरपतो. अर्धवर्तुळाकार वळवून टोकं रेझिस्टरपाशी पुन्हा जवळ आणा. लांबी पट्टीच्या मध्यरेषेवरून मोजायची, कडेवरून नाही.

रेझिस्टर ०६०३ आकाराचा चिपच हवा. तारेच्या पायांचा लावला आणि पायांचं इंडक्टन्स ५ नॅनोहेन्री जरी भरलं, तरी २.४ गिगाहर्ट्झला ते ७५ ओहमचं रिअॅक्टन्स (इंडक्टन्समुळे येणारा अडथळा) होतं. चिपवरचा आकडाही नीट वाचा: तीन अंकी पद्धतीत १०० ओहम म्हणजे ‘१०१’, आणि ‘१००’ लिहिलेला चिप १० ओहमचा असतो! तो लागला तर आयसोलेशन ८ डीबीच्याही आत येतं.

आता मोजणी. नेटवर्क अॅनालायझरला (सिग्नल किती पुढे जातो आणि किती परततो ते मोजणाऱ्या यंत्राला) दोन पोर्ट जोडताना तिसऱ्यावर ५० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल शोषून घेणारा रेझिस्टर) लावायचंच. ते राहिलं तर पुढचे सगळे आकडे फसवे. एस-२१ आणि एस-३१ (इनपुट म्हणजे पोर्ट १ मधून आउटपुट २ आणि ३ कडे पोहोचणारा सिग्नल) आदर्शात -३ डीबी, म्हणजे निम्मी पॉवर. एफआर-४ वर लाइन आणि कनेक्टरचा लॉस धरून थोडं खाली येणारच. एस-११ (इनपुटवरून परतणारा सिग्नल) आणि एस-३२ (एका आउटपुटमधून दुसऱ्यात जाणारा) दोन्ही -२० डीबीच्या खाली आले तर काम चोख.

फक्त एस-२१ पाहून समाधान मानू नका. दुप्पट फ्रिक्वेन्सीला, ४.८ गिगाहर्ट्झला, हात अर्ध्या तरंगलांबीचे होतात. आदर्श डिव्हायडरचा एस-२१ तिथेही -३.५ डीबी, म्हणजे बरा दिसतो. पण रिटर्न लॉस ९.५ डीबीवर आणि आयसोलेशन ३.५ डीबीवर घसरलेलं असतं. रेझिस्टर लावायचाच राहिला तर फसवणूक याहून मोठी. मधल्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला, एस-११ आणि एस-२१ अगदी निर्दोष येतात, फक्त आयसोलेशन ६ डीबीच्या आसपास अडकतं. तो आकडा दिसला की आधी सोल्डर तपासा.

एस-११ ची दरी (आलेखातली सर्वांत खालची जागा) सरकलेली असेल तर बहुधा बोर्डचा स्थिरांक वेगळा आहे, ४.४ ऐवजी ४.६ असला तर ती २ टक्के खाली येते. नवी लांबी = जुनी लांबी × मोजलेली फ्रिक्वेन्सी ÷ हवी ती फ्रिक्वेन्सी. दरी २.३ ला पडली तर १७.५ ची १६.८ मिमी करा. दोन आउटपुट असमान आले तर लांबीला हात लावू नका. सममिती कुठे बिघडली ते शोधा: सोल्डरचा गोळा, एका हाताजवळची धातूची भिंत, सैल कनेक्टर.

हाच डिव्हायडर उलटा वापरून दोन अॅम्प्लिफायरची पॉवर एकत्र करता येते, पण मग रेझिस्टरची क्षमता आधी पाहा. १० वॅटच्या दोन अॅम्प्लिफायरपैकी एक बंद पडला तर चालू असलेल्याचे ५ वॅट थेट त्या रेझिस्टरमध्ये उतरतात, आणि ०६०३ चिप साधारण ०.१ वॅटचा असतो.