घर आणि मुकी जनावरे सांभाळण्याचे काम: नवख्यांसाठी काही अनुभव

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत परगावी जाणाऱ्या पुण्यातील कुटुंबांची घरे आणि त्यांतील कुत्री-मांजरे सांभाळण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. या कामात नव्याने येणारे बहुतेक जण प्रथम दर विचारतात. माझ्या मते त्याआधी, मंडळी निघण्यापूर्वी एक पूर्ण सकाळ त्या घरात बसू देतील का, हे विचारावे. प्राणी किती खातो, किती वेळा लघवी करतो, दाराची घंटा वाजली की कुठे लपतो, हे त्या सकाळी पाहून वहीत लिहावे. ‘एक वाटी खाणे’ म्हणजे नेमकी कोणती वाटी, हे तर ती हातात घेऊनच विचारावे.

ही वही एकदा फार उपयोगी पडली. एका घरातील बोका दुसऱ्याच दिवशी पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये बसून तसाच उठत होता. मी ते बद्धकोष्ठ समजलो. पण वहीत नेहमीच्या लघवीची नोंद होती आणि ट्रे सकाळपासून कोरडा होता, म्हणून त्याला दवाखान्यात नेले. त्याचा मूत्रमार्ग तुंबला होता. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने असे घडते आणि एक-दोन दिवस दुर्लक्ष झाल्यास ते जिवावर बेतते. मालक त्या वेळी विमानात होते, त्यांचा फोन बंद होता आणि डॉक्टर खर्चाला संमती मागत होते. तेव्हापासून उपचारांची लेखी परवानगी, खर्चाची मर्यादा आणि दुसऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांक हाती आल्याशिवाय मी किल्ली घेत नाही.

मांजराने दोन दिवस अन्न सोडले, तर ‘घरच्यांची आठवण येत असेल’ म्हणून थांबू नये, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठू लागते. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. दिवाळीत शेजारून आलेले फराळाचे ताट कुत्र्याच्या टप्प्यात ठेवू नये. लाडवातील बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळचा फेरफटका अंधार पडण्यापूर्वी उरकावा आणि पट्टा फाटकाच्या आतही सोडू नये.

काम सुरू करण्यापूर्वी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. कुत्रा किंवा मांजर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘आमच्या कुत्र्याला लस दिली आहे’ या आश्वासनावर विसंबू नये.

घराचे काम त्या मानाने सोपे आहे. गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवावा, पाणी येण्याची वेळ विचारून घ्यावी, तुळशीला पाणी घालावे, दारात वर्तमानपत्रे साचू देऊ नयेत आणि किल्लीला सदनिकेचा क्रमांक लावू नये. रोज सायंकाळी मी रिकाम्या वाटीचे आणि ट्रेचे छायाचित्र मालकांना पाठवतो. काहींना ते विचित्र वाटते, परंतु झोपलेल्या मांजराच्या गोड छायाचित्रावरून ते जेवले की नाही, हे कळत नाही.