पंचनाम्यावर सही करण्याआधी

पोलीस ठाण्यातून निरोप येतो, 'पंच म्हणून जरा या.' ग्रामसेवक, बँकेतला शिपाई, चौकातला पानपट्टीवाला, कुणालाही येतो. मी साताऱ्याला फौजदारी वकिली करते, बहुतेक आरोपींच्या बाजूने. तरीही सांगते, जा. झडतीसाठी लेखी आदेश हाती आल्यावर सबळ कारणाशिवाय टाळणं हा गुन्हाच आहे. पण त्याहून मोठं कारण म्हणजे, तिथे पोलिसांचा नाही आणि आरोपीचाही नाही असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नसतो.

पोहोचल्यावर वेळ बघा. कोण कोण हजर आहे, आरोपीच्या अंगावर मार दिसतो का, तेही बघा. त्याच रात्री स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. साक्षीची वेळ काही वर्षांनी येते आणि तेव्हा न्यायाधीशांच्या परवानगीने ती वही बघून आठवण ताजी करता येते.

खरी कसोटी निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपीचं बोलणं उतरवून घेतात त्या पंचनाम्यात, लागते. आरोपी म्हणतो, 'ज्या कोयत्यानं मारलं तो मी विहिरीपाशी पुरलाय, काढून देतो.' हे वाक्य तुमच्यासमोर, त्याच्याच तोंडून यायला हवं. 2022 साली रामानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: आधी पंच बोलवा, मग त्यांच्यादेखत आरोपीचं बोलणं जसंच्या तसं उतरवा. तुम्ही पोहोचायच्या आत कागद टाईप होऊन तयार असेल, तर 'मला त्याच्याकडून ऐकायचंय' म्हणा. हे म्हणायला धीर लागतो, मला ठाऊक आहे.

एवढा काटेकोरपणा कशाला? पोलिसांपुढची कबुली न्यायालय पुरावा म्हणून घेत नाही, कारण ती मारून वदवलेली असू शकते. मुख्य अपवाद हा: त्या माहितीमुळे एखादी गोष्ट सापडली, तर तेवढ्यापुरतं बोलणं वाचता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम 23 मध्ये आहे, पूर्वी ते कलम 27 होतं. 1946 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात रेघ ओढून दिली. 'पुरलाय, काढून देतो' हे वाचायचं, 'ज्यानं मारलं' हे नाही. म्हणजे कोयता सापडल्याने इतकंच ठरतं की ती जागा आरोपीला माहीत होती. खून त्यानेच केला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

म्हणून जीपमध्ये बसून राहू नका. पुढे कोण चाललं होतं, आरोपी की हवालदार? जागा उघड्यावर होती की झाकलेली? माती आधीच उकरलेली होती का? उलटतपासात मी नेमकं हेच विचारते. मुद्देमालाचं पाकीट तुमच्यासमोर सील होऊ द्या, लेबलवर सही करा. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे. ते चालू आहे का, विचारा.

कोऱ्या कागदावर सही कधीच नको. मजकूर वाचा. खटकलं तर सहीशेजारी लिहा: 'हा मजकूर मी येण्याआधी लिहिलेला होता.' कुणी रागावलं तर रागावू द्या; त्या कागदावर एखाद्याची जन्मठेप अवलंबून असते.

पुढे समन्स येईल. आरोपीचे नातेवाईक घरी येतील, कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी पंचनामा पाठ करून घेऊ बघेल. दोघांनाही नकार द्या. पिंजऱ्यात 'आठवत नाही' हे खरं असेल तर तेच सांगा. कोयता दाखवून 'हाच का?' विचारलं आणि खात्री नसेल, तर 'असाच होता, लेबलवरची सही माझी आहे' एवढंच म्हणा.