बेलिफाच्या नजरेने तोरा कशी वाचावी

तोरा म्हणजे बायबलाची पहिली पाच पुस्तकं. त्यातले जुने इब्री (ज्यू) कायदे वाचायचे असतील तर दहा आज्ञांपासून सुरुवात करू नका. मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो, माझी सगळी नोकरी जप्त्या करण्यातच झाली. म्हणून माझा सल्ला असा: मराठी बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक उघडा आणि थेट चोविसाव्या अध्यायावर या. तिथे वसुली आहे.

एका बैठकीला एकच कायदा घ्या. आधी बघा, दारात कोण उभं आहे आणि घरात कोण. सहावं वचन म्हणतं, जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नका. पीठ घरीच दळायचं, तळी गेली की भाकरी बंद. दहावं म्हणतं, गहाण वस्तू आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नका, बाहेर थांबा, तो आणून देईल. आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळतं. कलम 62 सूर्यास्तानंतर घरात शिरू देत नाही. पण दिवसा आम्ही शिरायचोच. इथे सावकाराला तीही मुभा नाही! शिवाय गरिबाचं पांघरूण घेतलंच, तर सूर्य मावळताना परत द्यायचं. रोज संध्याकाळी परत जाणाऱ्या तारणावर सावकार काय वसूल करणार?

मग प्रत्यक्षात काय चालायचं ते शोधा. 1960 साली इस्राएलच्या किनाऱ्यावर, यव्ने-यामजवळच्या एका किल्ल्यात इ.स.पू. सातव्या शतकातलं लिहिलेलं खापर सापडलं. कापणीचा मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतोय: नेमून दिलेलं काम मी पुरं केलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू माझं वस्त्र घेऊन गेला, सोबतचे कापणीवाले साक्ष देतील. कर्जाचा विषय नाही, कुठलं कलमही तो दाखवत नाही. असा अर्ज हाती आला की कायद्याचं पान जिवंत वाटतं.

त्या कायद्याचं पुढच्या पिढ्यांनी काय केलं, तेही बघा. ‘अनुवाद’च्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी आहे. साहजिकच ते वर्ष जवळ आलं की कोणी हात सैल सोडेना. तेव्हा हिल्लेल या धर्मगुरूने ‘प्रोझबुल’ काढला: सावकाराने न्यायाधीशांपुढे लिहून द्यायचं की माझं येणं मी केव्हाही वसूल करीन. मग माफी लागू होत नाही. पळवाट खरी, पण त्यामुळेच गरिबाला कर्ज मिळत राहिलं.

नकोशी वचनं गाळू नका. परक्याकडून व्याज घ्यायला ‘अनुवाद’च्या तेविसाव्या अध्यायात परवानगी आहे. ‘लेवीय’च्या पंचविसाव्यात परदेशी गुलाम मुलांना वारशात देता येतात. ‘निर्गम’च्या एकविसाव्यात मालकाचा मार खाल्लेला गुलाम एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम हा मालकाचाच पैसा. इथे माणूसच सामानाच्या यादीत आहे. ‘काळच तसा होता’ म्हणून पान उलटायचं नाही. त्याच अध्यायात पाच वचनं पुढे जा: मालकाने गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्याला मोकळं सोडावं लागतं. ही दोन्ही वचनं एकाच बैठकीत, लागोपाठ, मोठ्याने वाचा.