नागोबाच्या पदयात्रेचा माहितीपट कसा करावा

पौष अमावास्येच्या मध्यरात्री तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, केसलापूरला नागोबाची महापूजा होते. त्या पूजेसाठीचं पाणी पायी आणलेलं असतं. राजगोंडांच्या मेस्राम कुळातली माणसं अनवाणी निघतात, कलमडुगु गावाजवळ गोदावरीच्या डोहातून झारीत पाणी भरतात आणि चालतच परत येतात. केसलापुरात वडाखाली मुक्काम, मग पूजा. पूजेनंतर ‘भेटिंग’ होतं. कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुना पांढऱ्या साडीत देवाला आणि वडीलधाऱ्यांना भेटतात.

वाट कुठली, थांबायचं कुठे, कुठल्या क्षणी काय गायचं, हे सगळं चालता चालताच पुढच्या पिढीला कळतं. म्हणून ते टिपून ठेवायला माहितीपट हे चांगलं माध्यम आहे. पण घाईने केलात तर नुकसानही तितकंच मोठं होईल.

१. पहिल्या वर्षी कॅमेरा नेऊ नका. यात्रेला जा, कुळातल्या जाणत्यांपाशी आणि कटोड्यापाशी (गोंड पुजारी) बसा. “काय चित्रित करायचं नाही?” हा पहिला प्रश्न असू द्या. ती यादी आधी लिहा, पटकथा नंतर. संमतीचा मजकूर गोंडीत मोठ्याने वाचून दाखवा. वाटेत कुणी “आता नको” म्हटलं, तर कारण न विचारता कॅमेरा बंद करा.

२. कागद पक्का करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. गाणाऱ्याला कलाकार म्हणून ५० वर्षांचा हक्क मिळतो, पण ज्या कुळाची ती परंपरा, त्या कुळाचं नाव कायद्यात कुठेच येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यातलं ३१वं कलम मात्र आपल्या परंपरेवरचा समाजाचा हा हक्क मान्य करतं. म्हणून करारात स्पष्ट लिहा: सगळ्या मूळ चित्रीकरणाची प्रत कुळाकडे राहील, कच्च्या संकलनावर शेवटचा शब्द त्यांचा, उत्पन्नात वाटा, आणि त्यांना विचारल्याशिवाय एकही तुकडा दुसरीकडे वापरायचा नाही. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांनी इथल्या गोंडांमध्ये राहून काम केलं. त्यांचा छायाचित्रसंग्रह आज लंडनच्या सोआस संस्थेत आहे. आजोबांचा फोटो पाहायला नातवाला इतकं लांब जावं लागू नये, एवढ्यासाठी तरी प्रतीचं कलम सोडू नका.

३. परधानाला पुरेसा वेळ द्या. माझ्या मते माहितीपटाचा जीव इथे आहे. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. किक्री हे तंतुवाद्य गजाने वाजवत ते कुळाची कथा गातात. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी आहे आणि गाणं गोंडी! मराठी माणसाला त्यांच्याशी थेट बोलता येतं, हे मोठं भाग्य. धोकाही त्यातच आहे. ते मराठीत सुंदर समजावून सांगतील आणि तुम्हाला वाटेल, झालं, अर्थ मिळाला, आता गाणं कापलं तरी चालेल. कापू नका. कथा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अखंड ध्वनिमुद्रित करा, कितीही तास लागोत.

कॅमेऱ्यातल्या माइकवर विसंबू नका. एक माइक आवाजाला, एक किक्रीला, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. माघारी आल्यावर त्यांच्याच शेजारी बसून रेकॉर्डिंग ऐका आणि ओळीमागून ओळ लिहून घ्या. त्यासाठी ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. आवाजातला क्षण आणि मजकूर त्यात जोडून ठेवता येतो. गोंडी उपशीर्षकं देवनागरीत चालतील, पण याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ पासून युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकात) आहे. तिच्यातही एक प्रत करा.

४. सोबत चाला. चमूत दोघं-तिघं पुरेत. चप्पल घालून चालायचं की नाही, हे त्यांना विचारा. “पुन्हा एकदा पाणी भरा” असं चुकूनही म्हणू नका. विधी कॅमेऱ्यासाठी होत नसतो. रात्री चित्रीकरणाचा दिवा लावू नका, ड्रोन उडवू नका. जादा बॅटऱ्या, पावर बँक, माइकला वाऱ्याचं आवरण जवळ ठेवा. मोबाइलमधली लोकेशनची नोंद बंद ठेवा. नाहीतर पवित्र जागांचा पत्ता फोटोसोबत बाहेर जातो.

५. रोज तीन प्रती. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक मुक्कामापासून दूर.

६. पहिला पडदा केसलापुरात. कच्चं संकलन तिथे दाखवा, सांगतील ते काढा. मग दोन आवृत्त्या करा: कुळासाठी पूर्ण, बाहेरच्यांसाठी संमत भागांची. कुळाची इच्छा असेल तर एक प्रत गुरुग्रामच्या ‘एआरसीई’ या संगीतपरंपरांची ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या अभिलेखागारात द्या. कोणी काय ऐकायचं याच्या अटी घालून तिथे ठेव देता येते. पुढच्या पौषात कॅमेरा कुळातल्याच एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्या आणि तुम्ही माइकची पिशवी उचला.