ग्रुपवर ‘तसली’ क्लिप आली तर या चुका टाळा

कांदिवली असो की परळ, लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर येते तेव्हा खालचा मजकूर ठरलेला असतो: ‘या नराधमाला पकडून द्या, मुंबईभर पाठवा.’ आणि भली माणसंच ती पाठवतात. सगळ्यात मोठी चूक हीच. अशी क्लिप पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड. शिवाय त्या लेकराची विटंबना आणखी शंभर फोनांत पोचते, ती कोण पुसणार?

‘पोलिसांना दाखवायला’ म्हणून स्क्रीनशॉट काढू नका, क्लिप लॅपटॉपवर उतरवू नका. लिंक, पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख-वेळ कागदावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रिपोर्ट’ केलंत की त्या ग्रुपमधले शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात. ऑटो-डाउनलोड बंद ठेवा, नाहीतर न उघडताही क्लिप गॅलरीत जाऊन बसते. नुसतं डाउनलोड करून पाहणं गुन्हा नाही, हा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी रद्द केला आहे.

काही जण १९३० ही हेल्पलाइन लावतात. तो नंबर पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. मूल धोक्यात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, नाहीतर सरळ जवळचं पोलीस ठाणं.

क्लिपमधलं मूल किंवा माणूस ओळखीचा निघाला, की खरी पंचाईत. सेक्रेटरी म्हणतात, ‘बिल्डिंगचं नाव खराब होईल, कमिटीत मिटवू.’ मिटवण्याचा अधिकार कमिटीला नाहीच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचं नाव, शाळा, फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकणं हाही वेगळा गुन्हा.

आपल्याच मुलाचा नग्न फोटो कुणाच्या हाती लागून पैशांची मागणी सुरू झाली, तर आधी त्याच्यावर ओरडू नका; पुढचं तो सांगणारच नाही. पैसे देऊ नका, मागणी थांबत नाही. धमक्यांचं चॅट पुसू नका. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा: फोटो फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या तो शोधून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र तो ठसा चालत नाही, तिथे पोलीसच गाठा.