बोट ट्रेलरचं बेअरिंग: वर्कशॉपमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

बोट ट्रेलरचं बेअरिंग बहुधा भाराने जात नाही, पाण्याने जातं. रस्त्यावरून आलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) तापलेला असतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि मागच्या ऑइल सीलमधून (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीतून) पाणी ओढून घेते. पुढे ट्रेलर नुसता उभा राहतो आणि रोलर जिथे टेकलेत तिथेच गंज धरतो. म्हणून बोट उतरवण्याआधी हबला हात लावा. चटका बसला तर थांबा.

हब वर्षातून एकदा उघडायचाच. कोकण-गोव्यात पावसाळ्यासाठी बोट वर काढतानाच उघडा. पावसाळ्यानंतर उघडलं तर आत शिरलेल्या पाण्याला तेवढे महिने आयते मिळतात.

जॅक लावून खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग फिरवून घरघर ऐका. कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग या क्रमाने सगळं सुटतं. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. घासलेटात धुवा, पण हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवू नका. रोलर सुटून उडतो. रोलरवर निळी झाक किंवा नखाला लागणारे खड्डे असतील तर बेअरिंग बदला, आणि त्याचा हबमधला कपही (ज्या कडीच्या आत रोलर फिरतात ती). जुन्या कपात नवं बेअरिंग टिकत नाही. ३,५०० पौंड भार पेलणाऱ्या अमेरिकी अ‍ॅक्सलवर बहुतेक वेळा आत एल-६८१४९ आणि बाहेर एल-४४६४९ असतं. तरी बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचूनच मागवा.

ग्रीस मरीन, २ नंबरच्या घट्टपणाचं. जुनं पूर्ण काढा. दोन जातींची ग्रीस मिसळली तर पातळ होऊन वाहू शकतात. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीस वर येईपर्यंत. सील दर वेळी नवं, त्याचा ओठ (रबराची पातळ कड) हबच्या आतल्या बाजूला.

नवखे चुकतात ते नट आवळताना. हब फिरवत पान्याने आवळा, म्हणजे बेअरिंग बसतं. मग नट पूर्ण सैल करा, बोटांनीच घट्ट करा आणि पिनचं भोक जुळेपर्यंत किंचित मागे घ्या. इथे ‘घट्ट म्हणजे पक्कं’ हा हिशेब चालत नाही. जास्त आवळलेलं बेअरिंग जळतं. पिन नवीच घाला.

स्प्रिंगवाली ग्रीस कॅप असली की हब उघडायला नको, असं गिऱ्हाईक सांगेल. ऐकू नका. आणि तिच्यातला पिस्टन (स्प्रिंगने दाबलेली चकती) जरासा पुढे सरकेपर्यंतच ग्रीस भरा. जास्त भरलं की मागचं सील ढकललं जातं आणि ग्रीस ब्रेकवर उतरतं.