गेम कन्सोलचा झिजलेला पंखा घरी कसा बदलावा

आमच्या गल्लीत वर्षभर रस्ता खणलेला होता. नाशिकच्या सिडकोतल्या तळमजल्यावर राहणाऱ्याला धूळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टीव्हीखालचा कन्सोल आधी नुसता घोंघावायचा, नंतर सुरू करताच खरखरायला लागला. दुकानात नेला, तर त्यांनी न उघडताच 'बोर्ड गेला', म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी बिघडली, असं सांगितलं. बोर्ड ठणठणीत होता. पंख्याचं बेअरिंग झिजलं होतं, आणि कोणत्याही कंपनीच्या यंत्रात हा भाग कधी ना कधी झिजतोच.

म्हणून पहिलं काम आवाज ओळखायचं. एकसारखा, वाऱ्यासारखा मोठा आवाज असेल तर बहुधा नुसती धूळ आहे. जाळी तुंबली की आतलं तापमान वाढतं आणि पंखा जास्त वेगाने पळतो. तेव्हा ब्रशने साफसफाई करून बघा, कदाचित खर्च वाचेल. खरखर, टकटक, किंवा कन्सोल उभा असताना येणारा आवाज आडवा केल्यावर बदलणं, ही मात्र बेअरिंगची लक्षणं. वॉरंटी बाकी असेल तर पुढे काही करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

सोनी कंपनीचा पहिल्या आवृत्तीचा प्लेस्टेशन ५ उदाहरणादाखल घेते, कारण त्यात पंखा अगदी वरच, सहज हाताशी आहे. तो १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाड असतो, हवा दोन्ही बाजूंनी ओढतो. तुमचं मॉडेल दुसरं असेल तर आधी त्याच मॉडेलचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. काहींमध्ये पंख्यापर्यंत पोचायला बरंच काही सोडवावं लागतं.

नवा पंखा घेताना कन्सोलच्या मागचा मॉडेल क्रमांक सोबत ठेवा. एम. जी. रोडवर मोबाइल दुरुस्तीची दुकानं ओळीने आहेत, तिथे मिळाला नाही तरी मागवून देणारा भेटतो. जुना पंखा काढून सोबत नेला तर उत्तम. लेबलवरचे व्होल्ट, वायरींची संख्या आणि कनेक्टरचा आकार तंतोतंत जुळला पाहिजे. 'चालून जाईल' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. स्क्रू सहा पाकळ्यांचे असतात, काहींच्या मधोमध बारीक खुंटी असते. त्यासाठी टोकाला भोक असलेला टी-८ स्क्रू ड्रायव्हर लागतो.

आता काम. कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोडवर, म्हणजे अर्धवट झोपवून, ठेवू नका. डिस्क काढा, सगळ्या वायरी काढा, स्टँड सोडवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. नाशिकच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच स्थिर वीज बोर्डाला मारक ठरू शकते. लोकरीचे कपडे नकोत, गालिचावर बसू नका, आणि अधूनमधून धातूच्या नळाला हात लावा.

डिस्क ड्राइव्हची फुगीर बाजू खाली येईल असा कन्सोल मऊ कापडावर आडवा ठेवा. वरचं पांढरं कव्हर कोपऱ्यातून हलकं उचलून सरकवलं की सुटतं, त्याला स्क्रू नाही. समोर काळा पंखा दिसतो. त्याचे चार स्क्रू काढा. मी स्क्रूंसाठी जुना मिसळणाचा डबा वापरते: ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने एकेका वाटीत. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतलं काहीतरी चिरडतो, म्हणून हा क्रम जपायचा.

पंखा एकदम ओढू नका, त्याची वायर अजून आत जोडलेली असते. थोडा उचला, कनेक्टर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सरळ काढा. वायरीला धरून ओढलं तर सॉकेटच बोर्डावरून उपटून येतं, आणि मग दुरुस्ती खरोखर महाग होते.

जुना पंखा बोटाने फिरवून बघा. चांगला पंखा बोट काढल्यावरही हलका फिरत राहतो. माझा अर्ध्या फेरीत अडकला, आणि मधली चकती बोटाला डगडगत होती. काहीजण अशा वेळी तेलाचा थेंब सोडतात. तेल धूळ धरून ठेवतं, आणि डिसेंबरात इथे बाटलीतलं खोबरेल गोठतं ते आपण पाहतोच. बदलणंच योग्य.

पंख्याच्या रिकाम्या जागेतली धूळ मऊ ब्रशने काढा. पण इथेच थांबा. आतलं हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, उघडू नका. प्लेस्टेशन ५मध्ये प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये द्रवरूप धातू असतो. तो वीज वाहतो, बाजूला सांडला तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. पॉवर सप्लायलाही हात नको.

नवा पंखा उलट क्रमाने बसवा. कनेक्टर एकाच दिशेने जातो, जोर लावायचा नाही. वायर पात्यांपासून दूर, तिच्या खाचेतच बसली पाहिजे. चारही स्क्रू आधी सैल लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा. कव्हर लावा आणि एखादा जड गेम अर्धा तास चालवा. मागच्या जाळीशी तळहात धरा: गरम हवा एकसारखी बाहेर येत असेल तर पंखा नीट बसला आहे. जुना पंखा घंटागाडीत ओल्या-सुक्यात मिसळू नका, ई-कचरा म्हणून वेगळा द्या.